गोल्फच्या शिबिरातला दिवस आणि आपली उन्हाळी शिबिरे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येऊ लागतात आणि साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत निदान एक तरी फलक झळकतो. माझी नात गेल्या वर्षी अशाच एका शिबिराला गेली होती. दहा दिवस, रोज दोन तास आणि मातीकामापासून झुंबापर्यंत एकूण नऊ उपक्रम, असा तो बेत होता. रोज सायंकाळी आम्हाला मोबाइलवर छायाचित्रे येत आणि शेवटच्या दिवशी सर्व मुलांना सारखाच चषक मिळाला. हा चषक कशाबद्दल, असे मी विचारले तेव्हा ती थोडी विचारात पडली आणि मग म्हणाली, "आल्याबद्दल, आबा."

यंदा तिच्या मामाने पुण्याजवळच्या एका मैदानावरील मुलांच्या गोल्फ शिबिरात तिचे नाव घातले. मुले तेथेच मुक्कामाला होती आणि सकाळच्या सत्रात पालकांना दोरीबाहेर बसून पाहण्याची मुभा होती. मामाच्या घरी राहून मी दहाही दिवस सकाळी तेथे जाऊन बसलो आणि पुढे पुढे सायंकाळीही जाऊ लागलो. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या माणसाचे गोल्फविषयी जे मत असावे तेच माझे होते: लाखो लिटर पाणी गवतावर ओतायचे, पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची आणि गप्पा मारत फिरायचे. हे मत पूर्णपणे बदललेले नाही, हे आधीच नमूद करतो. तरीही त्या शिबिराचा दिवसक्रम पाहून आपल्याकडील शिबिरांविषयी जे वाटले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र.

मुले पाच वाजता उठत आणि साडेपाचला मैदानावर असत. अंग मोकळे करून झाले की सगळी पटिंगच्या हिरवळीवर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये (छोट्या खड्ड्यात) घालण्याच्या आखूड गवतावर, जात. पहिले तीन दिवस मुलांच्या हाती पटरखेरीज, म्हणजे या हलक्या फटक्याच्या काठीखेरीज, दुसरी काठी दिली गेली नाही. लांब फटका मारण्याच्या आशेने आलेली मुले हिरमुसली, काही पालकांनी तर तशी तक्रारही केली. परंतु प्रशिक्षकांचा हिशेब पक्का होता. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले आणि अठरा होलचे, म्हणजे अठरा टप्प्यांचे, मैदान पुरे करायला अपेक्षित असलेले फटके म्हणजे त्याचा 'पार'. ज्या मैदानाचा 'पार' ७२ असतो, तेथे त्या ७२ फटक्यांपैकी प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके केवळ हिरवळीवरचे धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ अखेरच्या काही पावलांत आहे आणि म्हणून शिकवण्याची सुरुवातही होलपासून करून मागे मागे सरकत जायचे. प्रथम तीन फुटांवरून, मग सहा फुटांवरून, नंतर हिरवळीच्या कडेवरून. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा किमान व्यास ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे दोन चेंडू शेजारी ठेवले तर जेमतेम तेवीस मिलिमीटर जागा उरते. हे आकडे मुलांना सांगितले नव्हते, त्यांच्याकडून फूटपट्टीने मोजून घेतले होते. चाळीस मिनिटांच्या तासिकेत त्रिज्या आणि व्यास शिकवताना मला हे कधी सुचले नाही, याची थोडी खंत वाटली.

रात्री पाणी दिल्यामुळे पहाटे हिरवळ ओली असे आणि चेंडू घरंगळत गेला की त्याचा माग गवतावर स्पष्ट उमटे. प्रशिक्षक मुलांना तो माग पाहायला लावत. आपल्याला सरळ वाटलेला चेंडू प्रत्यक्षात कोठे आणि कधी वळला, उतार कोणत्या बाजूला होता, वेग कमी झाल्यावर वळण कसे वाढले, हे सारे त्या ओल्या रेघेवर वाचता येत असे. साडेसातनंतर ऊन चढले की रेघ उमटत नसे. त्यामुळे पहाटे उठण्याला कारण होते आणि ते मुलांना दिसत होते. शिस्तीसाठी पहाटे उठवणे आणि पहाटेच दिसणारी गोष्ट दाखवण्यासाठी पहाटे उठवणे, यांतला फरक लहान मुलांनाही कळतो. तिसऱ्या दिवसापासून नात हाक मारण्यापूर्वीच उठू लागली, असे तेथील ताईंनी सांगितले. घरी तिला उठवायला तीन माणसे लागतात.

न्याहारीनंतरचा तास मला सर्वांत आवडला. तो खेळाचा नव्हता. उंचावरून पडलेला चेंडू हिरवळीवर खळी पाडतो. ती बुजवताना खालची माती वर उचकटायची नसते, कारण त्याने मुळे तुटतात. कडेचे गवत मध्याकडे ढकलून वरून हलके दाबायचे असते. फटक्याबरोबर उडालेली गवताची ढलपी परत जागेवर बसवायची किंवा तेथे वाळू भरायची आणि वाळूच्या बंकरमधून (मुद्दाम केलेल्या खळग्यातून) बाहेर पडताना आपली पावले दंताळ्याने पुसायची. ही कामे मुलांना मैदानावरील कामगारांनी शिकवली. हे शिकवणाऱ्या एका माळीकाकांसमोर मुले ज्या आदराने उभी होती, तो आदर मला निवृत्तीपर्यंत क्वचितच वाट्याला आला. याच काकांनी मुलांना भारतीय गोल्फपटू एस. एस. पी. चौरासिया यांच्याविषयी सांगितले. १८२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये त्यांचे वडील हिरवळीची देखभाल करीत आणि मुलगा तेथेच खेळ शिकून पुढे २००८ मध्ये इंडियन मास्टर्स स्पर्धा जिंकला. काकांच्या सांगण्यात अभिमान होता आणि तो रास्तही होता.

दुपारी बारा ते चार मुले आत असत. जेवण, वामकुक्षी, काठ्यांची सफाई, कॅरम आणि नियमांचा तास. मोबाइल कार्यालयातील कपाटात असत आणि रात्री जेवणानंतर दहा मिनिटे घरी बोलण्यापुरते मिळत. नियमांच्या तासाला अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स यांची गोष्ट झाली. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत फटका मारण्याच्या तयारीत असताना आपला चेंडू किंचित हलला, हे दुसऱ्या कोणीही पाहिलेले नसताना त्यांनी स्वतःच सांगितले आणि एक फटका दंड घेतला. अखेरीस ते बरोबरीत राहिले आणि बरोबरी सोडवण्यासाठी खेळवलेल्या फेरीत हरले. अशा गोष्टी आपणही मुलांना सांगतो, मुले मान डोलावतात आणि विसरतात. येथे मात्र त्याच सायंकाळी मुलांना स्वतःचे फटके स्वतः मोजायचे होते.

चारनंतर तीन-चार मुलांचे गट करून पाच-सहा होल खेळवले जात. आपली पिशवी आपणच वाहायची. प्रत्येकाचे गुणपत्रक दुसऱ्याकडे असे. होल संपला की फटके सांगायचे, त्याने ते लिहायचे आणि शेवटी दोघांनी सह्या करायच्या. सहाव्या दिवशी माझ्या नातीने आठ फटके सांगितले, तिचे पत्रक लिहिणारा मुलगा म्हणाला नऊ. दोघेही हट्टाला पेटले. प्रशिक्षकांनी निवाडा देण्याचे नाकारले आणि दोघांना होलपासून उलटे चालत जाऊन मोजायला सांगितले. हा वाळूतला, हा आंब्याच्या झाडाखालचा, हा वाटेवरचा, असे करीत ती दोघे सुरुवातीच्या जागेपर्यंत गेली आणि तेथे घोटाळा उघड झाला. नातीचा पहिलाच फटका चेंडूला न लागता हवेत गेला होता. चेंडू हललाच नाही, मग फटका कसला, हा तिचा मुद्दा होता. प्रशिक्षकांनी नियमांचे पुस्तक हाती दिले. चेंडू मारण्याच्या हेतूने काठी फिरवली की तो फटका. चेंडूला लागो वा न लागो. नऊ लिहिले गेले.

या खेळातला आणखी एक नियम मला गणिताचा शिक्षक म्हणून फार पटला. एखाद्या होलचे फटके प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून पत्रक दिले, तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. जास्त लिहून दिले, तर ते जास्तच कायम राहतात. चूक दोन्हीकडे सारखीच असली तरी परिणाम सारखा नाही, आणि हे बारा वर्षांच्या मुलांना समजावून सांगावे लागले नाही.

आठव्या दिवशी सायंकाळी वळवाचे ढग आले. पाऊस सुरू होण्यापूर्वीच भोंगा वाजला आणि सर्व मुलांनी होती त्या जागी खेळ थांबवला. हातात धातूच्या काठ्या आणि भोवती मोकळे माळरान, अशा वेळी हातातला फटका पुरा करण्याचीही सवलत नसते. झाडाखाली न थांबता सगळी मुले शेडमध्ये आली आणि तेथे त्यांची डोकी मोजली गेली. मे महिन्यात आपल्या भागात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावल्याच्या बातम्या आपणच छापता. आपल्या मैदानांवर असा भोंगा मी आजवर ऐकलेला नाही.

शिबिरात खटकण्याजोगेही पुष्कळ होते. शिकवणे जवळपास सर्व इंग्रजीत होते. माळीकाकांचा तास तेवढा मराठीत, आणि कदाचित म्हणूनच त्या तासाला मुले सर्वांत जास्त प्रश्न विचारीत. मुली मोजक्या होत्या. शुल्क माझ्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्म्याच्या घरात गेले आणि ते मामाने भरले म्हणून निभावले. ज्या मुलीला पुण्यात मामा नाही, तिने हा खेळ टीव्हीवरच पाहायचा काय? २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली आणि अवघ्या एका फटक्याने तिचे पदक हुकले, तेव्हा या खेळाचे नियम ठाऊक नसलेली आमच्यासारखी घरेही सकाळपासून टीव्हीसमोर बसली होती.

यावर कोणी म्हणेल की साताऱ्यात अठरा होलचे मैदान मागणे हा शुद्ध खुळेपणा आहे. तो आहेच, आणि मी ते मागत नाही. माण-खटावमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने शोभेच्या गवतासाठी पाणी मागणे मला स्वतःलाच पटणार नाही. परंतु पाण्याची ओढ असलेल्या अनेक लष्करी छावण्यांमध्ये पूर्वीपासून गोल्फ हिरवळीविना खेळला गेला आहे. तेथे होलभोवती गवताऐवजी तेल मिसळून दाबलेली वाळू असे आणि तिच्या रंगावरून तिला 'ब्राउन' म्हणत. खेळून झाले की पुढच्यासाठी ती वाळू सारखी करून ठेवायची. वस्तीत तेल वापरू नये, असे माझे मत आहे. सरावापुरती चाळलेली वाळू थोडे पाणी मारून रुळाने दाबली तरी काम भागते, हे मी आमच्या परड्यात दोन आठवडे करून पाहिले आहे. चेंडू गवतापेक्षा वेगळा धावतो, एवढाच फरक. माग मात्र वाळूवर दिवसभर दिसतो.

साधनांवाचून आपल्याकडे काही होत नाही, हे म्हणणेही साताऱ्याला शोभत नाही. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत सतराव्या वर्षी कंपाउंड (चाके बसवलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती ठरलेली अदिती स्वामी उसाच्या फडाशेजारच्या मैदानावर तयार झाली, आणि त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळे सरावासाठी साताऱ्यात येऊन राहिला होता. तिरंदाजी हाही आपल्या पेठांमध्ये घरोघरी खेळला जाणारा खेळ नव्हता.

म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयाला आणि नगरपालिकेला आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी आहे. शहरातील एखाद्या मैदानाचा वापरात नसलेला कोपरा, साधारण दोन वर्गखोल्यांएवढा, पुढील उन्हाळ्यात दहा दिवसांसाठी मुलांना द्यावा. तेथे दाबलेल्या वाळूचा एक चौक, सहा होल, फटक्यांसाठी क्रिकेटच्या सरावाची एक जाळी आणि मुलांच्या मापाच्या दहा-बारा काठ्या, एवढ्यावर भागेल. मोठ्यांच्या जुन्या काठ्या कापून मुलांना देऊ नयेत. त्या आखूड होतात पण हलक्या होत नाहीत, आणि मुलांची मनगटे दुखावतात. पुण्याहून एखादा प्रशिक्षक आणणे अवघड नाही; फक्त तो मराठीत शिकवणारा असावा. शिबिर गोल्फचेच असले पाहिजे, असाही माझा आग्रह नाही. मल्लखांबाचे असेल, कुस्तीचे असेल, तरी चालेल. मात्र एकच विषय असावा, तो पहाटेपासून रात्रीपर्यंत असावा आणि मैदान झाडण्याचे काम मुलांकडे असावे.

वाळू चाळणे, रूळ फिरवणे आणि गुणपत्रके तपासणे ही कामे मी विनामोबदला करीन. नातीने गुणपत्रकांचा नमुना वहीच्या कागदावर आखून ठेवला आहे. त्यात हवेत गेलेल्या फटक्यांसाठी तिने एक वेगळा रकाना केला आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
सातारा