बाबांची दाढ

पुणे, सोमवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, ठेवतो गं" म्हणतात आणि खरंच ठेवून देतात. म्हणून लिहायला बसले. मामा बुधवारी वाईला येतोय, त्याच्या हाती देते. बाबा, पूर्ण वाचा. चष्मा टीव्हीच्या मागे असेल.

आधी मुद्द्याचं. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येतेय आणि तुम्हा दोघांना पुण्याला आणतेय. शुक्रवारी दहा वाजताची दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्हाला विचारून घ्यायला हवी होती, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "संक्रांत होऊ दे" म्हणाला असता, मग रथसप्तमी, मग बावधनचं बगाड.

आई, तुझं नाव घेणार नव्हते, पण फोटो तूच पाठवलास हे बाबांना कळणारच. बॅटरीच्या उजेडात जबडा उघडून काढलेला फोटो दुसरं कोण पाठवणार? बाबा, तिच्यावर रागवू नका. खालच्या डावीकडच्या दाढेखाली हिरडीवर जी पुटकुळी आहे, ती उष्णतेची नाही. उष्णतेची पुटकुळी महिनाभर त्याच जागी फुटत आणि भरत राहत नाही. आणि तुम्ही ती सुईनं फोडलीत म्हणे! सुई गॅसवर धरली होती, हे ऐकूनही मला बरं वाटलं नाही.

"आता दुखत नाही" हे तुमचं म्हणणं मला पटतं. मला नेमकी त्याचीच काळजी आहे. दिवाळीत गरम चहा लागला की तुम्ही कळवळायचात, आडवं झालं की ठणका वाढायचा, दोन रात्री ओसरीवर फेऱ्या मारून काढल्यात (हेही आईनं नंतर सांगितलं). तेव्हा दाढेतली नस जिवंत होती. कीड तिच्यापर्यंत पोचली, नस सुजली आणि शेवटी मेली. मेल्यावर दुखणार कोण? पण जंतू तिथेच राहिले. मुळाच्या टोकाशी पू साठला, त्यानं हाडातून वाट काढली आणि हिरडीवर तोंड केलं. ते तोंड वाहतं आहे तोवर आत दाब नाही, म्हणून ठणकाही नाही. सकाळी तोंडाला खारट, घाण चव येते म्हणता ना, ती तीच. हे असं महिनोन् महिने चालू शकतं, आणि ते तोंड कधी बंद झालं तर एका रात्रीत गाल सुजतो.

आई, तुझ्या लवंगेनं थांबलं असं तुला वाटतंय. लवंगेनं थोडा वेळ आराम पडतो, ते खरंच आहे, तुझी चूक काही नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही चालू ठेव. फक्त बाहेरून गरम कपड्यानं शेकू नकोस, आणि काकूंनी सांगितलेली मशेरी तर अजिबात नको. मागच्या खोकल्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या दिल्यास, त्याही आता पुरे. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग रक्तातून जाणारं औषध आत पोचणार कसं? सूज, ताप असेल तर डॉक्टर त्या देतात, पण मूळ दुखणं एकतर रूट कॅनाल करून साफ करावं लागतं, नाहीतर दाढ काढावी लागते. कोणतं, ते एक्स-रे बघून ठरेल. फोटोवरून सांगायला डॉक्टरांनी साफ नकार दिला. मला ते आवडलं.

आणि साखर. महिनाभर सकाळची साखर १३० वरून १९० वर गेली आहे आणि तुम्ही दोघं गुळाच्या पोळीला बोल लावताय. शरीरात कुठे पू असला की साखर चढते, आणि साखर चढली की जखम लवकर भरत नाही. दोघी एकमेकींना धरून राहतात. मला हे नोव्हेंबरातच कळायला हवं होतं. भाऊबीजेला तुम्ही चकली चहात बुडवून खात होता आणि मी हसले होते. विचारलं नाही. ते मनातून जात नाहीये.

वाईत चांगले डॉक्टर नाहीत असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण तुमचा स्टेंट आहे, साखर आहे, दाताच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोललेलं बरं, आणि दोघंही इथे माझ्या रस्त्यावर आहेत. रूट कॅनाल ठरलं तर दोन-तीन वेळा जावं लागेल, वर कॅप. दरवेळी खंबाटकी चढायची का? ... खरं सांगू? मला तिथे बसायचं आहे. बाकी सगळं त्यानंतरचं.

मी सातवीत असताना साताऱ्याला स्कूटरवरून नेलं होतंत मला, दात काढायला. डॉक्टरांनी हात धरू दिला नाही, तर तुम्ही खुर्चीच्या टोकाशी स्टुलावर बसून माझा पाय धरला होता, मोज्यासकट. परत येताना पाचवडला थांबून मला आइसक्रीम, आणि आईला सांगायचं नाही. आई, आता सांगितलं.

इथे तुमची काही गैरसोय होणार नाही. खिडकीजवळचा पलंग बाबांचा. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, लिफ्ट आहे, पेपर सहाला येतो. जेवायला मऊ भात, मेतकूट, तूप. दूधवाल्याला मी फोन केलाय, किल्ली काकूंकडे, तुळशीला पाणी त्याच घालतील. पैशांचा विषय काढणार असाल तर तो पुण्यात काढा, जेवल्यावर.

आता नीट ऐका. रक्त पातळ करायची गोळी बंद करायची नाही. "दात काढायचाय म्हणून आधीच सोडली" असं करू नका. मी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंय, रक्त थांबवायला दाताचे डॉक्टर कापूस दाबतात, टाका घालतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल. मेडिकलमधून आणलेल्या त्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तुमच्या हृदयाला आणि किडनीला चालत नाहीत, त्या आईकडे द्या. शुक्रवारी उपाशी जायचं नाही, नाश्ता करून, साखरेची गोळी घेऊन जायचं. आई, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आण, डबीत ओतून नको.

आणि गुरुवारच्या आत गाल किंवा जबड्याखाली सूज आली, थंडी वाजून ताप आला, तर माझी वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडेना, गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, आवाज बदलला, श्वास लागला, तर रात्रीचे दोन असले तरी मामाला उठवून थेट साताऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात. खालच्या दाढांची मुळं जिभेखालच्या जागेजवळ असतात, पू तिकडून गळ्यात उतरू शकतो. घाबरवत नाहीये. असं सहसा होत नाही. पण आप्पांच्या वेळचं मी पुन्हा काढत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

दाढ काढली तर नजर जाते, हे मात्र डोक्यातून काढा. दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. "या वयात दात राहिले काय नि गेले काय" असंही म्हणू नका. अजून भाकरी चावून खाणारे आहात तुम्ही.

गुरुवारी आठपर्यंत पोचते. चहा तुमच्याकडेच घेईन.

तुमची,
मनी

ता. क. आई, तीळ इथे आणलेत. यंदा वड्या करायच्या नाहीत, मऊ लाडू करू. पाटा-वरवंटा आणू नकोस, गाडी छोटी आहे.