अथेन्सची लोकशाही आणि काळ्या समुद्राचा गहू

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत प्राचीन ग्रीसवरचा लेख वाचला, आवडला, पण डोंगरांमुळे छोटी नगरराज्यं झाली आणि त्यातूनच लोकशाही आली असं जे एका दमात सांगून टाकलंय ते काही पटलं नाही. डोंगर स्पार्टा या दुसऱ्या नगरराज्यालाही होतेच की. टायगेटससारखा पर्वत शेजारी, खाली युरोटस नदीचं सुपीक खोरं, आणि तिथे झालं काय तर पलीकडचा मेसेनिया जिंकून तिथल्या लोकांना हेलॉट (जमिनीला जखडलेले वेठबिगार) म्हणून पिढ्यानपिढ्या शेतात राबवलं.

मला विचाराल तर अथेन्सला घडवलं ते कमी पावसाने. अथेन्सभोवतीच्या अ‍ॅटिकात वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत, जमीन हलकी, त्यामुळे गव्हाचा भरवसा नाही, जव त्यातल्या त्यात बरं. ऑलिव्ह आणि द्राक्षं मात्र खडकाळ रानातही येतात. इ.स.पू. ५९४ च्या सुमारास अथेन्सच्या सोलोन या कायदेकर्त्याने शेतमालापैकी फक्त ऑलिव्ह तेल बाहेर विकायची परवानगी ठेवली ती उगाच नाही. पुढे शहर वाढलं तसा पोटाला गहू काळ्या समुद्राकडून जहाजाने आणावा लागायला लागला, म्हणजे समुद्र हातात ठेवणं भागच होतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. इ.स.पू. ४८३ मध्ये अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला, ती नागरिकांत वाटून टाकायचं चाललं होतं, पण थेमिस्टोक्लीस या नेत्याने लोकांना पटवून त्यातून लढाऊ जहाजं बांधायला लावली. अशा एका जहाजावर, म्हणजे ट्रायरीमवर, १७० वल्हेकरी, एकावर एक तीन ओळींत, सगळ्यात खालच्या ओळीची भोकं पाण्याच्या इतकी जवळ की पाणी आत येऊ नये म्हणून वल्ह्याभोवती चामड्याचं आवरण बांधायचे. चिलखत विकत घ्यायची ऐपत नसलेला गरीब नागरिक इथे नुसत्या दंडाच्या बळावर कामाला आला, ४८० मध्ये अथेन्सजवळच्या सलामिस बेटापाशी त्यांनीच पर्शियन आरमार हरवलं, आणि मग सभेत त्यांचा शब्द डावलणं कुणाला सोपं राहिलं नाही. ती चांदी गुलामांनी खणली हेही सांगायलाच हवं, त्यांना कुठलंच मत नव्हतं, बायकांनाही नव्हतं.

म्हणजे निसर्गाने अडचण दिली, जहाजं बांधायचं माणसांनी ठरवलं. आणि अडचण काही संपली नाही. ४०५ मध्ये काळ्या समुद्राच्या वाटेवरच्या हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत इगोस्पोटामीला स्पार्टाच्या लायसँडर या सेनापतीने अथेन्सचं आरमार पकडलं, धान्याची वाट बंद झाली आणि पुढच्याच वर्षी उपाशी अथेन्स शरण आलं.

तेव्हा पुढच्या भागात नुसता डोंगरदऱ्यांचा नकाशा नको, काळ्या समुद्रापासून अथेन्सच्या पिरियस बंदरापर्यंतचा गव्हाचा मार्गही छापा ही विनंती, शाळेतली मुलं अशी कात्रणं जपून ठेवतात.

एक वाचक, सातारा