घरगुती गळपट्ट्यात नक्षीआधी जोड महत्त्वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कपड्यांपासून पाळीव कुत्र्यासाठी गळपट्टा कसा तयार करावा, याविषयीचा लेख वाचला. टाकाऊ कापड उपयोगात यावे ही कल्पना चांगलीच आहे. मात्र लेखाचा बहुतेक भाग रंगसंगती, मणी आणि लेस यांवर खर्ची पडला असून, ‘बंद करण्यासाठी टिचबटण किंवा वेल्क्रो लावावे’ एवढ्या एका वाक्यात पट्ट्याच्या सर्वांत जोखमीच्या भागाची बोळवण झाली आहे. घरच्या आणि ओळखीच्यांच्या कुत्र्यांसाठी मी बरीच वर्षे पट्टे शिवत आलो आहे, म्हणून हे पत्र.

मी शिवलेला पहिला पट्टाही टिचबटणाचाच होता. जीन्सच्या दुहेरी घडीवर वेलबुट्टी काढली होती आणि तो दिसायला देखणा झाला होता. फिरायला गेलो असता मांजर आडवे गेले, कुत्र्याने एकच हिसका दिला आणि माझ्या हातात दोरी व तिला लोंबकळणारा उघडा पट्टा तेवढा उरला. कुत्रा अर्ध्या तासाने सापडला, पण टिचबटण ओढले की उघडण्यासाठीच असते, ही साधी गोष्ट मला तेव्हा उमगली. वेल्क्रोत केस आणि चिखल अडकला की त्याची पकड महिनाभरातच ढिली पडते.

बक्कल कोणतेही चालेल, क्लिपचे असो वा काट्याचे. काट्याचे बक्कल अधिक भक्कम असते. पण पट्टा ताणलेला असताना ते सोडवता येत नाही, कारण काटा निघण्यासाठी पट्टा आणखी ओढावा लागतो. कुत्रा कुठे अडकला तर हा फरक मोठा ठरतो. दोरी अडकवायची डी-आकाराची कडी सांधा जोडलेली, म्हणजे वेल्डिंग केलेली घ्यावी. नुसती वाकवून जुळवलेली कडी ताणाने हळूहळू उघडते आणि आपल्याला कळतही नाही.

पट्टी निवारीची किंवा नायलॉनची असावी. मध्यम आकाराच्या कुत्र्याला अडीच सेंटीमीटर रुंदी पुरते. सुतळी, तार किंवा नायलॉनची बारीक दोरी मात्र गळ्यात कधीही बांधू नये, कारण सगळा ताण एका रेषेत येऊन ती कातडीत रुतते. नायलॉनची कापलेली कड मेणबत्तीवर धरली की उसवत नाही, पण वितळून कडक झालेली ती कड टोचते. म्हणून ती घडीच्या आत गेली पाहिजे. जोडावर आडवी एकच टीप मारण्याची चूक बहुतेकजण करतात. तिचा एक टाका तुटला की शेजारच्यावर भार येतो आणि शिवण ओळीने उसवत जाते. त्याऐवजी चौकोनी टीप मारून आत फुली घालावी, म्हणजे ताण चारी बाजूंना वाटला जातो. यंत्र नसेल तर जाड सुईने हातटीप, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन घातलेली शिवण, घालावी, नुसता पुढे जाणारा धावदोरा नव्हे. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा वारंवार भिजून कुजतो. पट्टा तयार झाल्यावर तो बंद करून मजबूत खुंटीला अडकवावा, कडीला दोरी बांधावी आणि चांगले जोराचे हिसके द्यावेत. तुटायचा असेल तर तिथे तुटू द्यावा.

मापाबद्दल लेखात केवळ ‘गळ्याच्या घेराइतका’ असे म्हटले आहे. पट्ट्याखाली दोन बोटे आडवी सहज सरकली पाहिजेत. केस दाट असतील तर ते दाबून मग पाहावे. पिल्लांच्या बाबतीत तर दर आठवड्याला माप तपासणे अत्यावश्यक आहे. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही, आणि केसांआड तो कातडीत रुतलेला घरच्यांच्या लक्षातही येत नाही. ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा निमुळते असल्याने साधा पट्टा डोक्यावरून सरकून निघतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या किंवा फिरताना खोकणाऱ्या कुत्र्यांना दोरीसाठी छातीपट्टाच घालावा.

मणी आणि घुंगरांविषयी एवढेच, की सुटलेला मणी कुत्र्याच्या पोटात जातो आणि कानाशी सतत वाजणारे घुंगरू आपल्यालाही सोसवणार नाही. सजावट हवीच असेल तर पट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक ठळक भरतकामात घालावा. हरवलेला कुत्रा घरी पोहोचण्यास त्याचीच मदत होते. पट्टा भिजल्यास काढून वाळवावा, नाहीतर खालची कातडी चिघळते. दोन कुत्रे दंगामस्ती करत असतील तेव्हाही तो काढलेला बरा, कारण एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकून पीळ बसू शकतो.

लेखासोबतच्या आकृतीत कडी नुसत्या कापडावर टाचलेली दाखवली आहे. ती पट्टीच्या दुहेरी घडीतून ओवून दोन्ही बाजूंना शिवलेली हवी. पुढील अंकात चौकोन-फुलीच्या टिपेसह ही आकृती दुरुस्त करून छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक