आईचं देहदान आणि डब्लिनचा एक डॉक्टर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात देहदानावर छोटी बातमी होती, त्यावरनं आमच्या वाडीत पारावर जी चर्चा झाली ती ऐकून हे पत्र लिहितोय. एकजण म्हणाला आता मेडिकलची पोरं कॉम्प्युटरवर सगळं बघतात, कशाला पाहिजेत डेड बॉड्या. मी ३० वर्षं लॅब टेक्निशियन होतो, मला गप्प बसवलं नाही. देह उघडून बघण्यानं काय कळतं ते एका जुन्या डॉक्टरच्या गोष्टीवरनं सांगतो.

सॅम्युएल क्लॉसी म्हणून आयर्लंडचा एक डॉक्टर होऊन गेला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, १७५१ ला एम.बी. (डॉक्टरकीची पदवी) झाला. पेशंट जिवंत असताना त्याला काय काय होतंय ते तो लिहून ठेवायचा आणि पेशंट गेला की देह उघडून आत खरंच काय बिघडलं होतं ते त्या टिपणाशी ताडून बघायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा शरीरातले रस बिघडले असं सांगून रक्त काढायचे आणि मोकळे व्हायचे. इटलीच्या मोर्गान्यी या डॉक्टरचा यावरचा मोठा ग्रंथ १७६१ चा आणि क्लॉसीचं पुस्तक लंडनला छापलं १७६३ ला, दोनच वर्षांनी, तरी मोर्गान्यीचं नाव पॅथॉलॉजी, म्हणजे रोगांचं शास्त्र, शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आणि क्लॉसीचं कुणालाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला गेला आणि अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीराची रचना, शिकवायला लागला. १७६७ ला तिथल्या किंग्ज कॉलेजात, म्हणजे आजच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत, मेडिकलचे वर्ग निघाले तेव्हा अ‍ॅनाटॉमीचा पहिला प्रोफेसर हाच. पण टेबलावर देह कुणाचे? गोऱ्या माणसाच्या देहाला हात लावायची हिंमत होत नाही असं त्यानं स्वतःच डब्लिनला पत्रात लिहिलंय, मग उरले काळे, गुलाम. त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोण विचारणार होतं! क्लॉसी १७८६ ला वारला आणि पुढे दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांनी नगरपालिकेकडे अर्ज केला की आमच्या माणसांची थडगी रात्री उकरून नेतात ते थांबवा. कुणी लक्ष दिलं नाही, शेवटी एप्रिल १७८८ ला डॉक्टरांविरुद्ध मोठी दंगल झाली. मला क्लॉसीबद्दल आदर आहे पण हा डाग पुसता येत नाही.

आणि आपल्याकडे तरी काय, १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टप्रमाणे बेवारस देह मेडिकल कॉलेजला देता येतो, त्या बेवारशालासुद्धा कुणी विचारलेलं नसतंच. आपणहून दिलेला देह म्हणूनच मला वेगळा वाटतो.

माझ्या आईनं फॉर्म भरून रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. २०१४ च्या जूनमध्ये ती गेली, तेव्हा आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, घाटावर न्यायचं म्हणजे वेळेत पोचायचं टेन्शन. शेजारचे काका अंगणात आडवे आले, "आवशीक अग्नी दिल्याशिवाय मोकळीक गावतली काय रे?" मी फॉर्म दाखवला, खाली तिची सही होती, थरथरत्या हातानं केलेली, काका ती बघून बाजूला झाले, काही बोलले नाहीत. फोंडा घाटात पाऊस नुसता ओतत होता, गाडीच्या हादऱ्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्यांची सुतळी सुटली ती मी परत बांधली. आमसुलांचा सीझन नुकताच संपलेला, तिच्या नखांत तो लाल रंग तसाच होता. कॉलेजवर दोन पोरं आली, अठरा-एकोणीस वर्षांची असतील, स्ट्रेचर उचलायच्या आधी चपला काढून तिला नमस्कार केला त्यांनी.

आता ओरोसला, रत्नागिरीला, अलिबागला सरकारी कॉलेजं झालीत, घाट चढायची गरज राहिली नाही. पण लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं. तसं नसतं, माणूस गेल्यावर वारसांनी हो म्हणावं लागतं, एक मुलगा अडून बसला तरी सगळं तिथंच थांबतं, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. डॉक्टरचं डेथ सर्टिफिकेट लगेच हातात पाहिजे, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. माणूस गेल्यावर देह देण्याआधी नेत्रदान मात्र करता येतं. संपादकसाहेब, या तिन्ही कॉलेजांच्या अ‍ॅनाटॉमी डिपार्टमेंटचे फोन नंबर चौकशी करून एकदा तरी चौकटीत ठळक छापा, रात्री-अपरात्री घरात माणूस गेला की कुणाला काही शोधायचं सुचत नाही.

आपला,
एक वाचक, ता. देवगड