मीनल, ते इंजेक्शन घेण्याआधी

प्रिय मीनल,

काल फोनवर तू म्हणालीस, "माझंच शरीर गर्भाला मारतंय म्हणे, म्हणून नवऱ्याच्या पांढऱ्या पेशींचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. चार वर्षांपूर्वी मलाही हेच ऐकवलं होतं. रक्तात 'नॅचरल किलर' पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, जास्त, असा रिपोर्ट हातात दिला होता, आणि कित्येक दिवस मी स्वतःला अपराधी समजत राहिले.

ते नावच वाईट गं. गर्भाशयाच्या अस्तरातल्या या पेशी गर्भाला मारत नाहीत. उलट तिथल्या धमन्या रुंद करून वारेला रक्त पोचवायला मदत करतात. आणि रक्तातल्या पेशी वेगळ्या, अस्तरातल्या वेगळ्या. दंडातून काढलेल्या रक्तावरून आत काय चाललंय ते कसं कळणार?

आता त्या इंजेक्शनाचं, नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचण्याचं. मूल अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच, तरी ती ते नऊ महिने कसं सांभाळते, हा प्रश्न पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५३ साली मांडला होता. पुढे या इंजेक्शनाची कल्पना त्याच विचारातून आली. पण वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांवर घेतलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९९ साली आला, त्यात काहीच फायदा दिसला नाही. २००२ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, परवानगी घेतलेल्या संशोधनाबाहेर ते देऊ नका असं कळवलं. आपल्याकडे मात्र अजून विकतात. मला राग येतो.

तुझे तीन गर्भ गेलेत, तेव्हा अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी मात्र नक्की कर. पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करायची. तो दोष खराच निघाला तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन ही रक्त गोठू न देणारी औषधं देतात.

आणि ते 'इंटिमेट वॉश' आधी फेकून दे. योनीतले लॅक्टोबॅसिलस, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच, लॅक्टिक आम्ल बनवून बाकीच्या जंतूंना लांब ठेवतात. आतून धुतलं की तेच कमी होतात. गर्भाशयातल्या जंतूंची ती महागडी तपासणी एवढ्यात नको. २०१६ साली स्पेनमधल्या संशोधकांना गर्भाशयातल्या जंतूंत लॅक्टोबॅसिलस ९० टक्क्यांहून कमी असलेल्या बायकांत गर्भ कमी रुजताना दिसला खरा, पण बायका होत्या फक्त ३५. स्राव, वास, खाज असेल तर साधा स्वॅब दे, इन्फेक्शन निघालं तर औषध घे.

गुरुवारी मी तुझ्याबरोबर येते. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव, आणि तोवर पैसे भरू नकोस.

तुझी,
नंदा