‘हेल हाऊस’ हातावेगळं केलं

प्रिय सुहास,

सध्या काय वाचतोयस, असं विचारलंयस. घरात सगळ्यांनी नाक मुरडून झालंय, आता तूही मुरड. रिचर्ड मॅथेसनचं ‘हेल हाऊस’, १९७१ची भयकादंबरी. रक्तपात म्हणशील तर विचारू नकोस, पण जेवण गार झालं तरी मी ती खाली ठेवली नाही.

मरायला टेकलेल्या एका गडगंज म्हाताऱ्याला मेल्यावर पुढे काही असतं का, याचं उत्तर आठवड्याभरात हवंय. माणशी एक लाख डॉलर कबूल करून तो तिघांना अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या झपाटलेल्या बेलास्को हवेलीत धाडतो. बॅरेट हा शास्त्रज्ञ, फ्लोरेन्स ही आत्म्यांशी बोलणारी बाई आणि याच हवेलीच्या १९४०च्या तपासातून तेवढा एकटाच धड वाचलेला फिशर. बॅरेटची बायकोही हट्टानं सोबत येते. खिडक्या विटांनी चिणलेल्या, त्यामुळे आत दिवस-रात्र सारखीच. प्रकरणांना नावं नाहीत, नुसती तारीख आणि घड्याळातली वेळ. पोलिसांचा पंचनामा वाचतोय असं वाटत राहतं.

मला भुतांपेक्षा यांच्या भांडणातच जास्त मजा आली. बॅरेटच्या मते आत्मा-बित्मा सब झूट, घरात साचलीय ती माणसांनी मागे सोडलेली ऊर्जा, आणि त्याचं यंत्र ती साफ करणार. फ्लोरेन्सला तिथे अडकलेला एक जीव सोडवायचाय. अशात जेवणाच्या टेबलावरची भांडी उडतात, ती थेट बॅरेटच्या रोखानं. तो हे सगळं फ्लोरेन्सवरच ढकलतो. ती म्हणते, आपल्यात फूट पाडायला घरच हे करतंय. आता कुणाचं खरं? मी मागची पानं पुन्हा चाळली. दोघांचं थोडं-थोडं पटतं, आणि तिथेच लेखकानं आपल्याला पकडलेलं असतं. फिशर मात्र वस्ताद. मनाची कवाडं लावून गप्प बसायचं, आठवडा काढायचा, पैसे घेऊन सुटायचं!

मांजर फ्लोरेन्सच्या अंगावर येतं, तो प्रसंग मी अर्धे डोळे मिटून वाचला. बायकांच्या वाट्याचे हाल मात्र अती झालेत. काही ठिकाणी लेखक घाबरवायचं सोडून चवीनं लिहितोय असं वाटलं, ती पानं मी भराभरा उलटली.

आपण नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेली माणसं. त्यातले भुताखेतांना पुरून उरणारे समर्थ आले की आपला जीव भांड्यात पडायचा. इथे तसं कुणी येत नाही, जे काय करायचं ते या चौघांनीच.

१९७३च्या सिनेमाची पटकथाही मॅथेसनचीच, पण तो त्यामानानं सोवळा. आधी पुस्तकच वाच, कुरिअरनं पाठवतोय. हवेलीचा मूळ मालक बेलास्को, त्याचं गुपित मला चोख वाटलं, तुला ओढूनताणून आणलेलं वाटेल अशी दाट शंका आहे. वाचून झालं की फोन कर, भांडू.

तुझा,
नंदू