लिहिलेलं वाचवणारी टूल्सही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ब्लॉग आणि वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी ऑनलाइन टूल्सची माहिती आली होती. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला, मराठी पेपरात हे फारसं येतच नाही. पण सगळा भर वाचक कसे वाढवायचे यावर होता, पोस्टर कसं बनवायचं, शीर्षक कसं द्यायचं, कुठल्या वेळी टाकायचं वगैरे. लिहिलेलं टिकवायचं कसं आणि मराठीत लिहिणाऱ्यांना ज्या वेगळ्याच अडचणी येतात त्यांचं काय, यावर एक ओळसुद्धा नव्हती आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला पाहिजे. का ते सांगते.

मी इंदूरची, रामबागेत राहते. २०११ पासून माझी एक छोटी वेबसाइट आहे, इथल्या मराठी घरांतले पदार्थ, सणवार आणि आमच्या बोलण्यातले माळवी-हिंदी मिसळलेले शब्द, असं सगळं त्यात लिहीत आले. बरंचसं सासूबाईंनी ओट्याशी उभं राहून सांगितलेलं. २०१९ च्या पावसाळ्यात एक दिवस साइट उघडेना. दोन दिवस वाटलं नेटचा प्रॉब्लेम असेल, मग कळलं की होस्टिंगची मुदत संपली होती, आठवणीचे मेल माझ्या एका जुन्या आयडीवर जात होते जो मी उघडतच नव्हते, आणि होस्टिंगवाल्या कंपनीनं मुदतीनंतर सगळ्या फाइली पुसून टाकल्या होत्या. फोन केला तर म्हणाले, मॅडम बॅकअप तुमचा तुम्ही घ्यायचा असतो. आठ वर्षांचं लिखाण होतं ते. सासूबाई तोपर्यंत गेल्या होत्या, परत विचारणार कोणाला?

तेव्हा मला हेही कळलं की डोमेन वेगळं आणि होस्टिंग वेगळं. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे सामान ठेवायची खोली, दोन्हीचे पैसे वेगवेगळे आणि तारखाही वेगवेगळ्या असू शकतात. डॉट कॉमचं नाव रद्द झालं तरी सोडवून घ्यायला ३० दिवसांची एक शेवटची संधी असते, फी मात्र खूप जास्त पडते. खोलीतल्या सामानाला असा कुठलाच सर्वमान्य नियम नाही, ज्याची खोली त्याची मर्जी. माझं नाव शाबूत राहिलं आणि सामान गेलं.

वाचवलं ते वेबॅक मशीननं. भाच्यानं दाखवलं. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था आहे अमेरिकेत, ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, ना नफा तत्त्वावर चालते, ती जगभरच्या वेबपानांच्या प्रती साठवत असते आणि २००१ पासून त्या प्रती तिच्या वेबॅक मशीनवर कोणालाही फुकट बघता येतात. माझ्या साइटचा पत्ता तिथं टाकला तर कॅलेंडर आलं, काही तारखांवर गोल ठिपके, एका ठिपक्यावर क्लिक केलं आणि माझं २०१४ चं पान समोर उघडलं, दिवाळीच्या अनारशांचं. मी रडले, खरं सांगते. एकशे चाळीस लेखांपैकी नव्वदच्या आसपास सापडले, फोटो फार थोडे. तीन आठवडे रोज दुपारी बसून एकेक कॉपी केला. पन्नास गेले ते गेलेच.

आता मी काही नवीन टाकलं की लगेच तिथं जाऊन सेव्ह पेज नाऊ, म्हणजे हे पान आत्ता साठवा, असं करते. एक मिनिटाचं काम आहे. जे कोणी मराठीत नेटवर लिहितात त्या सगळ्यांना हात जोडून सांगते, आपली चार महत्त्वाची पानं तरी आज तिथं साठवून ठेवा.

पण वेबॅक म्हणजे बॅकअप नव्हे, ती नशिबानं मिळालेली प्रत. खरा बॅकअप आपणच घ्यायचा. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर असाल तर सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, लेखांची फाइल उतरते. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्सखाली एक्सपोर्ट आहे. पण इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते, या दोन्ही फाइलींत लेख असतात, फोटो नसतात, फक्त फोटोंच्या लिंका असतात. म्हणजे साइट गेली की फोटो गेलेच. स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस असेल तर अपड्राफ्टप्लस नावाचं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या फुकट आवृत्तीतसुद्धा फोटोंसकट सगळं ठरावीक अंतरानं आपोआप गूगल ड्राइव्हवर जातं. मी दर आठवड्याचं लावून ठेवलंय आणि दोन महिन्यांतून एकदा एक प्रत पेन ड्राइव्हवर, तो कपाटात. आणि डोमेन, होस्टिंग दोन्हींच्या खात्यात आपण रोज बघतो तोच मेल आहे ना, हे आजच तपासा. हे टूल नाहीये पण माझं सगळं याच्यावरूनच गेलं.

दुसरा विषय मराठीचा. आमच्याकडे २००१ सालची कात्रणं आहेत, इंदूरला साहित्य संमेलन झालं, विजयाबाई राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हाची. ती साइटवर टाकायची होती पण टाइप करायला डोळे साथ देईनात. मग कळलं की कात्रणाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडायचा, फोटोखाली मजकूर आपोआप टाइप होऊन येतो, देवनागरीसुद्धा. कॉलम एकात एक घुसतात म्हणून मी एकेक कॉलम वेगळा क्रॉप करून घेते, जोडाक्षरं तपासावी लागतात, पण कामाचा मोठा भाग होऊन जातो. इथल्या किती मराठी घरांत जुन्या स्मरणिका, पत्रं, वह्या पडून आहेत, त्यांना हे एक टूल सांगितलंत तरी केवढं काम होईल.

स्मरणिकांची आणखी एक कथा. आमच्या मंडळाचा अंक छापणारा डीटीपीवाला फाइल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये देतो, ती साइटवर पेस्ट केली की सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, कारण त्या जुन्या फॉन्टांत अक्षरं आतून इंग्रजीच असतात, वरून फक्त देवनागरीचा चेहरा चढवलेला. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. पण बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि ऱ्या ही तीन ठिकाणं नीट वाचून घ्यायची, चुका तिथंच लपतात.

आणि हा ऱ्या तर मोठाच घोळ आहे. पुऱ्या हा शब्द टाइप करायचे दोन प्रकार आहेत. एकात खाली टिंबवाला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र घेऊन त्याला न दिसणारं एक जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. माझ्याच साइटवर मी पुऱ्या शोधलं तर निम्मे लेख येईचनात, कारण मी आधी एक कीबोर्ड वापरायचे, नंतर दुसरा. ॲचंही तसंच, एक अक्षर सलग आहे आणि एक अ वर चंद्र जोडून केलेलं. मी शेवटी सगळे लेख एका एडिटरमध्ये घेऊन शोधा आणि बदला करत एकच पद्धत केली. नवीन लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एकच कीबोर्ड धरावा, इनस्क्रिप्ट असो, जीबोर्ड असो की आणखी कुठला.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडा हेही सांगावंसं वाटतं. आम्हा हिंदी मुलखात राहणाऱ्यांचे कॉम्प्युटर, फोन सगळे हिंदीच धरून चालतात आणि मग आपला ल आणि श हिंदी वळणाचा दिसतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, भाषा मराठी सांगितली तर ते आपलं वळण दाखवतात. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठीच केलेला आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. शिवाय जे वाचक डोळ्यांनी बघू शकत नाहीत त्यांना पान वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर पानाची भाषा बघून आवाज निवडतं, भाषा चुकीची असेल तर आपली मराठी त्यांना हिंदी उच्चारांत ऐकावी लागू शकते.

वाचक किती आले यापेक्षा ते काय शोधत आले हे मला जास्त मोलाचं वाटतं आणि त्यासाठी गूगल सर्च कन्सोल आहे. साइट आपली आहे हे एकदा सिद्ध करायचं, मग लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, हे मागच्या १६ महिन्यांचं बघता येतं. फुकट. मी भुट्ट्याचा कीस यावर लिहिलं होतं, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात, इथल्या सराफ्याच्या खाऊगल्लीत तसंच मिळतं. पान कोणी उघडत नव्हतं. कन्सोलमध्ये बघितलं तर लोक मक्याचा कीस, कणसाचा कीस असं शोधत होते, पुण्या-नाशकाकडे भुट्टा कोण म्हणणार. मी भुट्टा काढला नाही, तो आमचा शब्द आहे, फक्त पहिल्या परिच्छेदात मका आणि कणीस दोन्ही आणले आणि हळूहळू लोक यायला लागले. कोणी तरी धुळ्याहून लिहिलं की आमच्या आजीची अशीच रीत होती. वाचक वाढवायचेच असतील तर असे वाढवावेत.

बाकी थोडक्यात. फोनवरचे फोटो चार-पाच एमबीचे असतात, ते स्क्वूश या टूलमध्ये लहान करा, ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठं अपलोड होत नाही. पान किती वेगानं उघडतं ते पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं टूल सांगतं, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा असा त्यांचा निकष आहे. आणि सुरक्षित कुलपाचं सर्टिफिकेट, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस, त्यासाठी एकानं माझ्याकडून दोन वर्षं पैसे घेतले, जेव्हा लेट्स एनक्रिप्ट ही संस्था ते २०१५ पासून फुकट देते आहे. बऱ्याच होस्टिंगमध्ये ते एका बटणावर चालू होतं, आधी विचारा. तुमची साइट गूगलवर पहिली आणून देतो, पाच हजार लिंका लावून देतो असे मेल रोज येतात, त्यांना एक रुपया देऊ नका, विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि त्यानं साइट उलट मागे जाऊ शकते. कुठलंही टूल साइटचा पासवर्ड मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुटलेल्या लिंका शोधणारी टूल्स असतात, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं लिंक चेकर आहे, मी ते माझ्या साइटवर चालवलं. सगळ्यात जास्त तुटलेल्या लिंका तुमच्या पेपरच्या निघाल्या. मी गेल्या काही वर्षांत माळव्यातल्या मराठी माणसांबद्दलच्या तुमच्या बातम्यांच्या लिंका दिल्या होत्या, तुमची वेबसाइट नवी झाली आणि जुने पत्ते उघडेनासे झाले. त्यातल्या काही मला वेबॅकवर मिळाल्या, बाकीच्या नाही. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर आपोआप पाठवायची सोय करता येते, तुमच्या तांत्रिक विभागाला नक्की माहीत असेल. माझ्याकडे अशा एकतीस लिंकांची यादी तारखांसकट तयार आहे, कोणत्या मेलवर पाठवू तेवढं कळवा.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर